नवा हिंदी प्रेमपट कुठे बघावा: मॉल, एकपडदा की घर?

निकाल आधीच सांगते, म्हणजे ज्यांना तेवढाच हवा आहे ते तिकीट काढायला मोकळे. नवा हिंदी प्रेमपट आहे आणि त्याच्याबद्दल बरं-वाईट काहीच कानावर आलेलं नाही? मग पहिल्या शनिवार-रविवारी एखाद्या एकपडदा थिएटरात बघा. ते जमण्यासारखं नसेल तर मॉलमधल्या मल्टिप्लेक्सला आठवड्याच्या मधल्या वारी जा, शनिवारी संध्याकाळी नाही. दोन्हीचा कंटाळा असेल तर दोनेक महिने थांबा, सिनेमा आपल्या पायांनी घरी येतो. आणि संध्याकाळ चांगली जावी एवढंच मनात असेल, तर सिनेमाचा हट्ट सोडा आणि नाटकाला जा.

हा प्रश्न मला भाच्याने विचारला. त्याचा साखरपुडा झालाय, लग्न तुळशीच्या लग्नानंतर. मधल्या काळात दोघांनी सिनेमाला जायचं ठरवलंय. घरच्यांना सांगून उजळ माथ्याने जाण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे पठ्ठ्या भलताच गंभीर झालाय. "मावशी, रिक्लायनरची तिकिटं काढू का?" असा त्याचा फोन आला. मी नुकतीच एका प्रेमपटावर तिघांचे मिळून अडीच हजारांच्या आसपास रुपये घालवून आले होते, त्यामुळे बोलायला पुष्कळ होतं. शेवटी तोच म्हणाला, "तू लिहूनच दे." तर हे त्याच्यासाठी, आणि शुक्रवारी दुपारी तिकिटांच्या ॲपवर बोट धरून बसलेल्या बाकीच्यांसाठीही.

अडीच हजारांत काय मिळालं

शनिवार, मुंबईच्या पश्चिम उपनगरातला एक मॉल, साडेसातचा खेळ. मी, नवरा आणि जाऊबाई. मॉलचं नाव सांगत नाही, सिनेमाचंही नाही. त्या सिनेमाचं जे व्हायचं ते पुढच्या शुक्रवारी झालंच. तिकीट माणशी सव्वाचारशे, वर ॲपची फी. आत पॉपकॉर्न आणि कोल्ड्रिंकला पाच-सहाशे. येता-जाता रिक्षा. यातलं सगळंच थिएटरवाल्याच्या खिशात जातं असं नाही. शंभर रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी असतो, म्हणजे चारशेच्या तिकिटातले साधारण ६१ रुपये सरकारचे. शंभरापर्यंतच्या तिकिटावरचा कर सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आला, पण शनिवारी संध्याकाळी मॉलमध्ये शंभराचं तिकीट कुणाला मिळालं असेल तर त्यांनी मलाही कळवावं. आणि कराच्या नावाने फार गळा काढण्यातही अर्थ नाही. जीएसटी येण्याआधी मुंबईत करमणूक करच ४५ टक्के होता.

साडेसातचा खेळ म्हणजे साडेसातला दागिने, पावणेआठला गृहसंकुलं, मग येणाऱ्या सिनेमांच्या झलका, मग तंबाखूचा इशारा. सिनेमा सुरू झाला तेव्हा पॉपकॉर्न अर्धा संपला होता. बंगळुरूच्या ग्राहक आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये आदेश दिला होता, की सिनेमा प्रत्यक्ष कधी सुरू होणार ती वेळ तिकिटावर छापा. पुढे उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. तेव्हा तूर्तास प्रेक्षकाने एवढंच धरून चालावं, की मल्टिप्लेक्समध्ये छापलेली वेळ ही जाहिरातींची असते.

सिनेमा वाईट होता, यात थिएटरचा दोष नाही. नायक स्टार्टअपवाला. वरळीला समुद्र दिसणारं घर, आणि तीन महिन्यांच्या कथेत एकदाही कामावर गेलेला दिसत नाही. नायिका फोटो काढते. कोणासाठी, ते विचारू नये. दोघं मुंबईत राहतात, पण लोकल नाही, घाम नाही, आणि भिजतात तो पाऊस टँकरचा. मध्यंतरापर्यंत प्रेम जमतं. मग लेखकाला प्रश्न पडतो, की आता यांना वेगळं कसं करायचं?

जुन्या सिनेमात हे काम बाप करायचा. बाप नसेल तर पैसा, जात, धर्म, खानदानाची इज्जत, आधी ठरलेलं लग्न. अडथळा खरा असायचा, निदान बघणाऱ्याला तो आपल्या घरातून ओळखीचा असायचा. आता पडद्यावरचा बाप समंजस झालाय, आई मैत्रीण झालीय, दोघंही कमावतात. मग अडथळा आणायचा कुठून? तर एक मेसेज चुकीच्या वेळी वाचला जातो, नायिका लंडनला निघून जाते आणि पुढचा पाऊण तास कोणीच कोणाला फोन करत नाही. मुंबईत प्रेमाला अडथळा हवाच असेल तर भाड्याच्या घराचं डिपॉझिट पुरेसं आहे. विरारच्या मुलाचं मुलुंडच्या मुलीशी जमलं तर नुसत्या भेटण्यावर एक सिनेमा होईल. पण वरळीच्या घरातून विरार दिसत नसावं.

लंडनच्या त्या पाऊण तासात जाऊबाईंना राहवलं नाही. "अगं, फोन लाव की त्याला!" त्या जरा मोठ्यानेच म्हणाल्या. पुढच्या रांगेतली दोन डोकी वळली, नाराजीने बघून परत सरळ झाली. त्यानंतर सगळं चिडीचूप. थोड्या वेळाने नायक विमानतळावर मनातलं बोलायला लागला, तर शेजारच्या पडद्यावरच्या मारामारीचा ढुमढुम आमच्या भिंतीतून यायला लागला. त्या ढुमढुममध्येच प्रेमाची कबुली पार पडली.

मला त्या संध्याकाळी सगळ्यात जास्त लागलं ते ते गप्प बसणं. सिनेमा टुकार आहे हे सभागृहातल्या प्रत्येकाला कळलं होतं, पण प्रत्येक जण आपापल्या चारशे रुपयांत एकटा होता. मारामारीचा सिनेमा पडदा आणि स्पीकर यांच्या जोरावर निभावतो. भुताच्या सिनेमाला अंधार पुरतो. प्रेमपटाला बरोबरच्या अनोळखी माणसांची साथ लागते: शिट्टी, हुंदका, गाण्याला टाळ्या, नायकाला दिलेले फुकटचे सल्ले. चांगला प्रेमपट त्याने चढतो आणि वाईट प्रेमपट त्याने निदान सुसह्य होतो. म्हणून थिएटर निवडताना खुर्ची किती मागे जाते हे नंतर बघा. आजूबाजूला कोण बसणार आहे, ते आधी बघा.

एकपडदा

वांद्रे स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर पडलात की गेटी-गॅलेक्सी. १९७२ पासूनचं. नावाला आता त्याला जी-सेव्हन मल्टिप्लेक्स म्हणतात, कारण एकाच आवारात छोटे-मोठे सात पडदे आहेत. पण गेटी आणि गॅलेक्सी या दोन मोठ्या सभागृहांचा कारभार आणि तिथला प्रेक्षक अस्सल जुन्या टॉकीजचा. सिनेमा चालणार की पडणार हे बघायला निर्माते आणि नट मंडळी तोंड लपवून इथे येतात, ते उगाच नाही. इथला प्रेक्षक दहा मिनिटांत निकाल देतो आणि मोठ्याने देतो. जाऊबाईंचं "फोन लाव की" हे वाक्य इथे पडलं असतं, तर मागून कोणी नंबर सांगितला असता, आणखी मागून कोणी रिचार्ज संपल्याचं कळवलं असतं. सिनेमा तोच, पण पैसे वसूल.

पैसेही कमी. सिनेमाप्रमाणे आणि वाराप्रमाणे दर बदलतात, पण मॉलच्या शनिवारच्या एका तिकिटात इथे दोघांचं, कधी तिघांचंही भागतं. समोसा आहे, चहा आहे, आणि त्यांची किंमत ऐकून कोणी घरच्या कर्जाचा हप्ता आठवत नाही.

आता वाईट बाजू, कारण भाच्याला घेऊन जायचंय ते त्याच्या होणाऱ्या बायकोला. एकपडदा थिएटरांतली स्वच्छतागृहं बघून जा. काही ठिकाणी बरी आहेत, काही ठिकाणी मध्यंतरात बाई जाऊन परत येईपर्यंत तिचा मूड बदलतो. खुर्च्या जुन्या, गुडघ्यांना जागा बेताची. सभागृह मोठं असल्याने आवाज घुमतो. गाणी छान वाटतात, पण नायिका पुटपुटली तर काय पुटपुटली ते शेजारच्याला विचारावं लागतं. प्रोजेक्टरचा दिवा जुना झालेला असेल तर रात्रीचे प्रसंग मळकट दिसतात. हळू आवाजात चाललेला, नजरेतून बोलणारा सिनेमा असेल तर तो इथे मार खातो. इथे गाण्यांचा, भांडणाचा, स्टेशनवर धावण्याचा सिनेमा आणा.

आणि तिकीट बाल्कनीचंच काढा. फरक थोड्या रुपयांचा असतो. खालची दंगल वरून बघायला मिळते, अंगावर येत नाही. जोडप्याने पहिल्याच वेळी स्टॉलमध्ये बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. लग्नानंतर खुशाल बसा.

दादरकरांसाठी प्लाझा आहे. इथला प्रेक्षक वांद्र्याच्या मानाने मवाळ; मराठी घरांतला, आईला घेऊन आलेला. शिट्ट्या कमी, पण "काय बाई हा मूर्खपणा" असे उद्गार भरपूर. दादर पूर्वेला चित्रा होतं, ते २०१९ मध्ये बंद झालं. ही थिएटरं एकेक करून चालली आहेत. त्यामुळे "नंतर कधीतरी जाऊ" हा बेत इथे फार लांबवू नका.

दक्षिण मुंबईत कुलाब्याला रीगल, १९३३ चं. आत शिरतानाच सिनेमाला आल्यासारखं वाटतं, हे मॉलमध्ये चौथ्या मजल्यावर कपड्यांच्या दुकानांतून वाट काढताना कधीच वाटत नाही. चर्चगेटचं १९३८ चं इरॉस मात्र आता एकपडदा म्हणून मोजू नका. बाहेरची आर्ट डेको इमारत तीच, जागतिक वारसा ठरलेल्या परिसरातली; पण २०२४ पासून आत आयमॅक्सचा पडदा आहे. प्रेमपटाला आयमॅक्स कशाला? नायकाच्या नाकावरची रंध्रं मोजायला? तिथे अंतराळात जाणारे सिनेमे बघा.

मराठा मंदिरचा साडेअकराचा खेळ

हा पर्याय भाच्याला सुचलाच नव्हता, आणि मला तो सगळ्यात स्वस्त अन् सगळ्यात कमी धोक्याचा वाटतो. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' २० ऑक्टोबर १९९५ ला प्रदर्शित झाला. मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरमध्ये तो तेव्हापासून लागलेला आहे. डिसेंबर २०१४ मध्ये एक हजार आठवडे झाले, कोरोनात थिएटरंच बंद होती तेवढा खंड पडला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तीस वर्षं पूर्ण झाली. रोज एकच खेळ, सकाळी साडेअकराचा. तिकीट मॉलमधल्या पाण्याच्या बाटलीच्या भावात.

प्रेक्षक बघण्यासारखा असतो. जवळच रेल्वे स्टेशन आणि एसटीचं आगार. त्यामुळे दुपारच्या गाडीची वाट बघणारे, गावाहून आलेले, रात्रपाळी करून थंडाव्याला टेकलेले, कॉलेज बुडवून आलेले, आणि खास यासाठी परगावाहून आलेले, असे सगळे एका छताखाली. निम्म्यांना संवाद पाठ असतात. नायक मनात "पलट" म्हणतो तेव्हा अख्खं थिएटर म्हणतं. शेवटच्या गाडीला सिमरन धावायला लागली की ज्यांनी हा सिनेमा आयुष्यात किती वेळा बघितला ते विसरले आहेत, तेही सरसावून बसतात.

फसवणुकीची शक्यता शून्य, कारण काय होणार ते आधीच माहीत आहे. सिनेमा तीन तासांहून मोठा आहे, पण मध्येच उठून गेलात तरी कोणाला वाईट वाटत नाही. आणि अडथळा म्हणाल तर त्यात बाप आहे, खणखणीत बाप.

अडचण एकच, वेळेची. साडेअकरा ही नोकरी करणाऱ्याची वेळ नाही. रविवारी जा, किंवा दोघांनी मिळून एक रजा टाका. मुंबईत साखरपुडा झालेल्या जोडप्याला एकांत मिळत नाही, रजा मात्र मिळते.

मल्टिप्लेक्स, योग्य वारी

मी मल्टिप्लेक्सच्या विरोधात नाही. सासूबाईंना घेऊन जायचं असेल तर दुसरा विचारच करत नाही: सरकता जिना, स्वच्छ बाथरूम, थंडगार हवा, पाठीला आधार. हळू बोलणारा, कमी माणसांचा, गाणी पार्श्वभूमीला ठेवणारा प्रेमपट असेल तर तो इथेच नीट ऐकू येतो, फक्त शेजारच्या पडद्यावर कुठला सिनेमा आहे ते आधी बघून घ्या. मोठा मारधाडपट लागलेल्या आठवड्यात प्रेमपट नको.

मंगळवारी बऱ्याच साखळी थिएटरांत दर उतरलेले असतात. सकाळचे खेळही स्वस्त असतात. मात्र मधल्या वारी दुसरा धोका असतो: प्रेक्षकच नसले तर खेळ रद्द होतो, पैसे परत येतात, पण ठाण्याहून अंधेरीला आलेला माणूस तसाच परत जातो. तिकीट काढताना आसनांचा नकाशा बघा. चार चौकोन भरलेले आणि तेही सगळे शेवटच्या रांगेच्या कोपऱ्यात असतील, तर ती मंडळी सिनेमा बघायला आलेली नाहीत. त्यांना त्रास देऊ नका, तुम्हीही मधल्या रांगेत बसा.

खाण्याचं म्हणाल तर घरचा डबा आत नेऊ न देण्याचा थिएटरला अधिकार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलंय. त्याच निकालात पिण्याचं पाणी फुकट द्यायला हवं हेही आहे. पाण्याचा नळ कुठे आहे ते विचारायला लाजू नका, बहुतेक वेळा तो सापडणार नाही अशा जागी ठेवलेला असतो. जेवून जा आणि मध्यंतरात पाय मोकळे करा. पॉपकॉर्न वजा केला की मल्टिप्लेक्सचा खर्च एकदम माणसात येतो.

रिक्लायनरबद्दल भाच्याला वेगळं सांगितलं. दोन खुर्च्यांमध्ये भलामोठा हात असतो, त्यावर ट्रे असतो, आणि दोघं दोन दिशांना आडवे होतात. दातांच्या दवाखान्यात शेजारी-शेजारी बसल्यासारखं वाटतं. सोबत बसायचंय ना? साधी खुर्ची घे.

घरी बघायचं तर

मोठ्या साखळी थिएटरांचा नियम असा, की हिंदी सिनेमा प्रदर्शित झाल्यापासून आठ आठवडे ओटीटीवर येता कामा नये. कोरोनात ही मुदत खाली आली होती, २०२२ च्या ऑगस्टपासून पुन्हा आठवर गेली. म्हणजे दिवाळीचा सिनेमा साधारण नाताळ-नववर्षाच्या सुमाराला घरी. कधी आधी भाड्याने मिळतो आणि मग वर्गणीत येतो. त्या मधल्या टप्प्यात भाडं भरण्यात मला शहाणपण दिसत नाही. इतके दिवस थांबलात, आणखी थोडे थांबा.

पडद्यावर फसलेला प्रेमपट घरी बरा वाटतो, हा माझा अनुभव आहे. अपेक्षा कमी, पैसे आधीच भरलेले, लंडनचा पाऊण तास पुढे ढकलता येतो. पण चांगला प्रेमपट घरी बघितला तर त्याचं नुकसान होतं. दीड खोल्यांच्या घरात टीव्ही हॉलमध्ये असतो आणि हॉलमध्ये सगळे असतात. नायक-नायिका जवळ येतात आणि नेमक्या त्याच वेळी सासरे पाणी प्यायला उठतात. सगळ्यांच्या नजरा छताच्या पंख्याकडे. मग कोणीतरी भाजीचा विषय काढतं. हे आपल्या घरोघरी तीस वर्षं चाललंय आणि ओटीटीने त्यात काही फरक पडलेला नाही. उलट ओटीटीवर असे प्रसंग लांब असतात.

साखरपुडा झालेल्यांना तर हा पर्यायच नाही. कोणाच्या घरी बघणार? तिच्या घरी तिचा धाकटा भाऊ मध्ये बसेल, आणि याच्या घरी माझी बहीण.

जुना सिनेमा, नव्याने लागलेला

२०२४ पासून हे प्रमाण वाढलंय, आणि त्यात प्रेमपट पुढे आहेत. 'लैला मजनू' २०१८ साली आला आणि गेला; ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा लावला तर लोकांनी गर्दी केली. २०१६ चा 'सनम तेरी कसम' पहिल्या वेळी पडला होता, फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा लागल्यावर त्याने पहिल्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त धंदा केला. हे सिनेमे मधल्या वर्षांत मोबाईलवर बघितले गेले, गाणी तोंडपाठ झाली, आणि ज्यांनी ते एकट्याने कानात इअरफोन घालून बघितले होते ते आता एकत्र बघायला थिएटरात आले. मॉलच्या थिएटरात अशा वेळी चक्क जुन्या टॉकीजसारखं वातावरण असतं. लोक गातात, कोणी कोणाला गप्प करत नाही. तिकीटही बहुधा नव्या सिनेमापेक्षा कमी.

नव्या प्रेमपटांना प्रेक्षकच उरला नाही, असं मात्र यातून कोणी काढू नये. जुलै २०२५ मध्ये 'सैयारा' लागला तेव्हा दोन नवखे चेहरे बघायला पोरं-पोरी लोटली आणि थिएटरात रडतानाचे व्हिडिओ घरोघरी पोचले. मला ते रडणं जरा कॅमेऱ्यासाठीचं वाटलं. माझ्या पुतणीला हे बोलले तर ती दोन दिवस बोलली नाही. पण एक नक्की, तो सिनेमा ज्यांनी पहिल्या आठवड्यात भरल्या थिएटरात बघितला आणि ज्यांनी नंतर घरी बघितला, त्यांची मतं ऐका. दोन वेगळ्या सिनेमांबद्दल बोलताहेत असं वाटेल.

तेव्हा पुन्हा लागलेला एखादा प्रेमपट तुमच्या आठवड्यात असेल, तर नव्यापेक्षा तो घ्या. जोडीदाराला कुठला जुना सिनेमा आवडतो हे विचारायची आयती संधीही मिळते. भाच्याने विचारलं. तिला भुताचे सिनेमे आवडतात असं कळलं. आता तो वेगळ्याच काळजीत आहे.

आणि नाटक

तुम्ही म्हणाल, सिनेमाच्या आढाव्यात नाटक कुठून आलं. पैशांच्या हिशोबातून आलं. मल्टिप्लेक्सच्या शनिवारच्या तिकिटात दादरच्या शिवाजी मंदिरला किंवा पार्ल्याच्या दीनानाथला चांगली रांग मिळते. नवरा-बायकोच्या, प्रेमाच्या, जमलेल्या-मोडलेल्या लग्नांच्या गोष्टी मराठी रंगभूमी वर्षानुवर्षं सांगतेय आणि त्यातली माणसं कामावर जातात, भाडं भरतात, सासूशी भांडतात. त्यांच्यातला अडथळा एका न वाचलेल्या मेसेजवर उभा नसतो. प्रेक्षागृहात मोबाईल वाजला तर प्रयोग थांबवणारे नट आहेत, त्यामुळे तो फारसा वाजत नाही. आणि विनोदावर पाचशे माणसं एकदम हसतात, ते ऐकायला मिळतं.

इथेही वाईट नाटकं असतात, भरपूर असतात. ओढूनताणून केलेले विनोद, नटाने मध्येच प्रेक्षकांना मारलेला डोळा. पण तिसरी घंटा झाली की पडदा वर जातो, जाहिराती नाहीत. आणि मध्यंतरात बटाटेवडा आहे.

शनिवार-रविवारच्या पेपरात नाटकांच्या जाहिराती असतात, त्यात तारखा आणि वेळा नीट बघा, कारण चांगल्या नाटकाचा प्रयोग दादरला आज झाला तर पुढचा बोरिवलीला किंवा ठाण्याला असतो. रविवारी दुपारचा प्रयोग धरा. संध्याकाळी सातच्या आत मोकळे होता, घरी न्यायला कोणाला यावं लागत नाही. शिवाजी मंदिर प्लाझाच्या समोरच आहे. मध्यंतरात वडा खाऊन झाला की रस्ता ओलांडून रात्रीच्या खेळाला काय लागलंय ते बघून या, तिसरी घंटा व्हायच्या आत परत या म्हणजे झालं.